खरमाट्यांचा शर्ट

"गाठ मी बांधणार," आबा म्हणाला. "माझ्या पोराचा गळा हाय त्यो."

रणजितनं दोर त्याच्या अंगावर भिरकावला. "बांध लेका. पण फाशी वाटली पाहिजे. शेळी बांधल्यासारखी नको."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दोन वासे उभे करून त्यावर आडवी बल्ली ठोकली होती. बल्लीखाली टमाट्याचं रिकामं क्रेट उपडं घातलेलं, आणि त्या क्रेटवर मी. हात पाठीमागं बांधलेले, तोंडाला काजळी फासलेली. खुनी दिसायला हवा होतो म्हणे. आबानं दोर गळ्यात घातला, कानामागं बोटं नेली आणि अशी गाठ मारली की वरून कितीही ओढा, फास सरकायचा नाही.

"आवळतंय का?" त्यानं कानात विचारलं.

"न्हाई."

"मग नीट मर. रडक्यावानी मरू नगंस. मला चादरीखाली हसू येतं."

आबाच्या अंगावर पोलिसाची वर्दी होती. डोक्याला टोपी, कंबरेला पट्टा, गळ्यात शिट्टी आणि ओठावर डिंकानं चिकटवलेली जाड मिशी. वर्दी आम्हाला नवी नव्हती. आम्ही बहुरूपी. गावोगाव सोंगं घेऊन हिंडणारे. माझा आजा पोलिसाचं सोंग काढायचा, आबा तेच काढायचा. सकाळच्या वेळी कुणाच्याही अंगणात शिट्टी फुंकत शिरायचं आणि खड्या आवाजात सुरू करायचं, "कोन हाय घरात? वारंट आलंय! तुमच्या मांजरानं शेजारचं दूध पिलं, कलम लागलंय! कोंबडीला जामीन कोन ऱ्हातंय? म्हशीला बेड्या घाला, रेडा फरारी हाय!" पोरं खिदळायची, बाया तोंडाला पदर लावायच्या, मग सुपातून पीठ यायचं, जुनं धडुतं यायचं.

आबा म्हणायचा, माणूस एकदा हसला की त्याचा हात उठत नाही. त्यानं जन्मभर तेवढ्याच भरवशावर दिवस काढले. कुत्री सोडली तरी वारंट, कुणी चोर म्हणून धरलं तरी वारंट. म्हशीला बेड्या म्हटलं की माणसं हसायची आणि सोडून द्यायची.

त्या दिवशी कोरेगव्हाण बंद होतं. आठवडाभरापूर्वी गावाबाहेरच्या धाब्यावर भांडण सोडवायला गेलेल्या खरमाटे हवालदाराच्या डोक्यात एका ट्रकच्या क्लीनरनं लोखंडी पाना घातला होता. हवालदार जागीच गेला. क्लीनर कोठडीत होता. पण गावाला तेवढं पुरत नव्हतं. पोलिसाला मारणाऱ्याला फाशीच, दुसरी सजाच नको, असा कायदा करा म्हणून गावचे पुढारी नानासाहेब बोरुड्यांनी मोर्चा काढला होता. बाजारतळापासून तहसीलीपर्यंत. आणि मोर्च्याला देखावा पाहिजे होता.

आदल्या दिवशी नानासाहेब आमच्या पालांवर आले होते. हवालदार मेल्यापासून पोलीस रोज येऊन पालं उचला म्हणत होते. माझी बायको कमळी दिवस भरत आलेली. उचलून जायचं कुठं?

"तात्याबा," नानासाहेब आबाला म्हणाले, "वर्दी तुझ्याकडं आहेच. तू हवालदार हो. पोरगा खुनी. त्यानं तुला मारायचं, तू पडायचं, वर चादर. मग ट्रॉलीवर त्याला फास. तहसीलीत निवेदन दिलं की काम झालं. तुमच्या पालांना मग कोण हात लावतो बघतो मी."

"व्हय साहेब." आबा डोकं खाजवत उभा राहिला. "एक इचारू का? फाशीच म्हंजी, जज्जानं काय ऐकायचंच न्हाई व्हय?"

"ऐकायचंय काय त्यात?"

"न्हाई, म्हंजी का मारला, कसा मारला, चुकून लागलं का..."

नानासाहेब हसले. मायेनं हसल्यासारखे. "हे बघ. वर्दी दिसली, वर्दीवर हात टाकला, विषय संपला. का आणि कसा विचारत बसलं की वकील पैदा होतात. वर्दीवर हात म्हणजे सरकारवर हात. लटकवा."

"बराबर हाय," आबा म्हणाला. आबा कुणाही मोठ्या माणसाला बरोबर आहे असंच म्हणायचा.

ते गेल्यावर त्यानं पेटीतून खाकी शर्ट काढला. तो खरमाट्यांचाच शर्ट होता. हवालदार दरसाल जुना शर्ट आबाला द्यायचा. "माझ्यापेक्षा तूच शोभतोस यात तात्याबा," म्हणायचा. "मला बघून माणसं पळतात, तुला बघून हसतात." बाहीला कोपराशी फाटलं होतं, तिथं हवालदारीणबाईनं रफू घातलेला. दारात उभं राहून स्वतःच्या हातानं दिला होता तिनं, वर भाकरी ठेवून.

"आबा, दुसरा घाल," मी म्हणालो. "त्या माणसाचा शर्ट घालून त्याचंच मढं व्हायचं?"

"त्याचंच सोंग हाय, मग शर्ट कुनाचा घालू? तुझ्या सासऱ्याचा?" आबा म्हणाला. "आरं, मानूस चांगला व्हता. त्याचा शर्ट घालून पडलो तर त्यालाबी बरं वाटंल."

बाजारतळावर मी आबाला लाकडी पान्यानं मारलं. आबा असा पडला की पुढच्या बाया किंचाळल्या. त्याला चौघांनी उचलून ट्रॉलीत ठेवलं, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली, वर झेंडूची फुलं. टोपी छातीवर. ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला खुर्चीवर हवालदारीणबाई बसली होती. पांढरीफटक. तिला कुणीतरी दोन्ही दंडांना धरून आणून बसवलं होतं. तिच्या शेजारी उभं राहून नानासाहेब माईकवर बोलत होते. मग आबानं माझ्या गळ्यात दोर कसा घातला ते वर सांगितलंच. त्यासाठी मढं घटकाभर उठलं, गाठ मारून पुन्हा आडवं झालं, आणि लोकांनी तिकडं डोळेझाक केली. अजून ट्रॅक्टर सुरू व्हायचा होता, म्हणून चाललं.

ट्रॅक्टर हलला. "वर्दीवर हात..." नानासाहेब ओरडायचे, आणि सगळा रस्ता उत्तर द्यायचा, "फाशी! फाशी!"

दोराचं दुसरं टोक बल्लीवरून घेऊन नानासाहेबांच्या पुतण्याच्या, रणजितच्या हातात होतं. घोषणा झाली की तो हिसका द्यायचा. मी जीभ काढायचो, डोळे फिरवायचो. पोरंसोरं पहिल्यांदा भ्यायली, मग सरावली. मारुतीच्या देवळापर्यंत आलो तेव्हा एक म्हातारा खालून ओरडला, "आरं नाटक करतंय! ह्याला काय बी हुईना!"

"खरं ओढ की रणजित! हातात जोर न्हाई का?"

"बायकोनं जेवाय घातलं न्हाई वाटतं!"

माणसं फिदीफिदी हसली. रणजितचा चेहरा लाल झाला. त्यानं जोरात ओढलं. गाठ सरकली नाही. तो माझ्याजवळ आला, गळ्यापाशी बोटं घातली आणि त्याला कळलं.

"थेरडा लई शहाणा आहे," तो म्हणाला. त्यानं आबाची गाठ सोडली आणि दुसरी मारली. खरी.

"मालक, आवळंल," मी म्हणालो.

"आवळायलाच पाहिजे. खुनी आहेस तू."

"मालक, मी हैबती. बहुरूपी. खुनी न्हाई."

"आज आहेस," रणजित म्हणाला आणि मागं सरकून दोर ताणला.

पुढच्या घोषणेला फास गळ्यात रुतला. मी टाचा उचलल्या. ओरडलो असतो, पण आवाज आत राहिला. लोकांना आवडलं. "आत्ता कसं!" म्हणाले. टाळ्या पडल्या. नानासाहेब माईकवर पुढं बघून बोलत होते, त्यांनी वळून पाहिलं नाही. तेवढ्यात ट्रॅक्टरनं खड्ड्यातून हिसका खाल्ला, क्रेट पायाखालून सरकलं, आणि मी लोंबलो.

पाय मारले. तेही लोकांना आवडलं. खालून बाया म्हणत होत्या, बघा कसं करतंय मेलं, अगदी खरं वाटतंय. माझ्या डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. एकच दिसत होतं, झेंडूची फुलं हलताना. चादर हलली. मढं उठून बसलं.

आबानं क्रेट ओढून माझ्या पायांखाली सारलं आणि रणजितच्या हातातला दोर हिसकावला. मग शिट्टी फुंकली. मोर्चा थबकला. ट्रॅक्टर थांबला. हवालदार जिवंत झाला होता, फुलं अंगावरून गळत होती.

"हटा मागं!" आबा ओरडला.

तिथंच तो थांबला असता तर. मला ट्रॉलीवरून उडी मारायला लावली असती, पळाला असता, रणजितच्या पाया पडला असता. पण त्यानं खाली पाहिलं. हजारभर चेहरे, एकही हसत नव्हता. आबाला न हसणाऱ्या माणसांचं फार भ्या. आणि जन्मभर जे केलं तेच त्यानं केलं. छाती फुगवली, मिशीवर हात फिरवला आणि खड्या आवाजात सुरू केलं.

"कोन हाय रं तिकडं? वारंट आलंय! तुमच्या मांजरानं दूध पिलं, कलम लागलंय! म्हशीला बेड्या घाला, रेडा फरारी हाय!"

कुणीच हसलं नाही.

त्यानं पुन्हा म्हटलं, "कोंबडीला जामीन कोन ऱ्हातंय?" आवाज कापायला लागला होता. माझ्याकडं बघून त्यानं बारीक डोळा मारला. म्हणजे, थांब, आत्ता हसतील.

"शहिदाची थट्टा करतोय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"वहिनींच्या समोर! वर्दीची थट्टा!"

रणजितनं त्याला पाठीत लाथ घातली. आबा ट्रॉलीवरून खाली गेला, तोंडावर. मग मला तो दिसला नाही. माणसांच्या पाठी दिसल्या, वर जाणारे हात दिसले, झेंड्याच्या काठ्या दिसल्या. तेच हात, जे घोषणेला वर जात होते. आतून एकदा शिट्टी वाजली. त्यानं फुंकली का पाय पडून वाजली, मला माहीत नाही.

हवालदारीणबाई खुर्चीवरून उठली होती. "मारू नका," ती म्हणत होती. "अहो, यांचा शर्ट आहे तो. मी दिलाय. मारू नका." माईक नानासाहेबांच्या हातात होता. तिला तिथं रडायला आणलं होतं, बोलायला नाही. मी ओरडत होतो, पण गळ्यातून नुसतं घरघर येत होतं, आणि हात बांधलेले.

बंदोबस्ताला बाहेरून आलेले पोलीस तहसीलीच्या फाटकाशी होते. त्यांनी देखावा पाहिलाच नव्हता. गलका ऐकून त्यांचा जमादार पळत आला, लाठीनं गर्दी फोडली, आणि रस्त्यात त्याला काय दिसलं? खाकी शर्ट, खाकी पँट, पट्टा. रक्तात पडलेला पोलीस.

"आपला माणूस पाडलाय!" तो ओरडला.

गर्दी फुटली. असं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. काठ्या टाकून, चपला टाकून माणसं बोळात शिरली. ज्यांना पळता आलं नाही ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात मागं लपवून. रणजित ट्रॉलीखाली घुसला होता. तिथून त्याचा आवाज येत होता, पोरीसारखा बारीक.

"काका, मी नुसती एक लाथ मारली. काका, मला फाशी होईल का?"

"गप्प बस," नानासाहेब म्हणाले. त्यांचा माईक चालूच होता. सगळ्या रस्त्याला ते ऐकू गेलं.

मागून त्यांचे फौजदार आले, तेही बाहेरगावचेच. त्यांनी आबाकडं पाहिलं. तोंड ओळखू येत नव्हतं. टोपी चेंदलेली.

"कोण आहे हा? कुठल्या ठाण्याचा?" ते गरजले. "कुणी हात टाकला? एकेकाला बघतो आता. काय म्हणत होतात मघापासून? फाशीच ना?"

नानासाहेब ट्रॉलीवरून उतरले. "साहेब, ऐकून घ्या. गैरसमज झालाय. पोरं आहेत, भावनेच्या भरात होतं. कुणी मारायचं म्हणून मारलं नाही. का झालं, कसं झालं, हे बघायला पाहिजे ना?"

"पोलीस मारलाय तुम्ही!"

"पोलीस नाही साहेब! सोंग आहे. बहुरूपी आहे तो. वर्दीतला प्रत्येक माणूस पोलीस नसतो." मग त्यांनी वर माझ्याकडं पाहिलं. त्या माणसाला मी तसं पुन्हा कधी बघितलं नाही. हात जोडले होते त्यानं. "हैबती, सांग साहेबांना. तुझा बाप आहे. बहुरूपी आहे म्हणून सांग."

फौजदारांनी मान वर केली. "काय रे? कोण आहे हा?"

माझ्या गळ्यात दोर तसाच होता. समोर सगळे उभे होते. तो म्हातारा, ज्याला नाटक वाटत होतं. टाळ्या वाजवणारे. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर. आबा गेलेला होता, मला वरून कळत होतं, मान तशी पडली होती. त्याचा जीव परत यायचा नव्हता. पण तो बहुरूपी म्हणून मेला तर नुसता मेला, आणि पोलीस म्हणून मेला तर यांच्यातल्या प्रत्येकाला त्याची किंमत मोजावी लागणार होती. आणि आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच विद्या होती.

"हवालदार हाय," मी म्हणालो. आवाज फाटलेला, पण निघाला. "तात्याबा हवालदार. ह्याच ठाण्याचं."

ट्रॉलीखालून रणजित रडायला लागला. भिंतीशी उभा असलेला एकजण मटकन खाली बसला. नानासाहेबांचं तोंड उघडं राहिलं. एवढा वेळ, फक्त एवढाच वेळ, माझा बाप त्या गावात माणूस होता. त्याला मारलं तर कुणाला तरी मरावं लागणार होतं.

फौजदार खाली वाकले. श्वास आहे का बघायला त्यांनी आबाच्या नाकापाशी बोटं धरली. हात मागं घेतला तर बोटांना काहीतरी चिकटून आलं.

मिशी होती. डिंक आणि रक्त लागून चिकटलेली. त्यांनी हात झटकला, ती निघेना. पुन्हा झटकला. एका बोटावरून दुसऱ्या बोटाला गेली.

भिंतीशी कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग बोळातून डोकावणारे हसले, नानासाहेब हसले, बाहेरून आलेला जमादारसुद्धा हसला. छातीवरचं ओझं उतरल्यावर हसतात तसं, मोकळं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. सगळा रस्ता हसला. आबाला मघाशी पाहिजे होता तो हशा आता त्याच्या पायांशी पडला.

"साला, सोंगाड्या," फौजदार म्हणाले आणि रुमालाला बोटं पुसली. "जिवंत असता तर मीच आत टाकला असता. पोलिसाची वर्दी घालून हिंडतो." ते माझ्याकडं वळले. "आणि तू? सरकारी माणसाला खोटं सांगतोस? ह्याला घ्या रे नंतर."

"अपघात आहे साहेब," नानासाहेब म्हणाले. आवाज जागेवर आला होता. "ट्रॉलीवरून पडला. सगळ्यांनी पाहिलंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"वर्दी काढून घ्या त्याची," फौजदार म्हणाले.

शिपाई वाकले, तेव्हा हवालदारीणबाई खाली उतरून आली. तिनं आबाच्या कोपराशी रफूवर हात ठेवला. "हा शर्ट यांचा आहे," ती म्हणाली. "मी दिला होता. राहू द्या त्याच्या अंगावर. पाया पडते."

"कुणाचा?" नानासाहेबांनी विचारलं.

"यांचा. खरमाट्यांचा."

नानासाहेब पुढं वाकले. शर्टाकडं पाहिलं. छातीवर, बाहीवर रक्त ताजं होतं, उन्हात चमकत होतं. मी त्यांच्या डोळ्यांत ती गोष्ट उजाडताना बघितली.

"काढा," ते शिपायांना म्हणाले. "हळू काढा. फाटू देऊ नका."

बाई नको नको म्हणत राहिली. दोन बायांनी तिला धरून पुन्हा खुर्चीवर बसवलं. रणजित ट्रॉलीखालून आला, गुडघे झटकले, झेंड्याची एक काठी शोधून आणली आणि ती शर्टाच्या बाह्यांतून ओवली. मला वरून ढकलून खाली उतरवलं. हात कुणी सोडले नाहीत. मी आबाजवळ बसलो. त्याच्या अंगात फाटका बनियन होता. वरचा ओठ मिशीविना अगदीच उघडा दिसत होता.

ट्रॅक्टर सुरू झाला. पळालेली माणसं बोळांतून बाहेर आली, चपला शोधून घातल्या, ओळी लागल्या. वर ट्रॉलीत नानासाहेबांनी काठी उंच धरली.

"बघा! हे बघा आपल्या खरमाट्यांचं रक्त!" त्यांचा आवाज भरून आला होता. खरंच भरून आला होता. "वर्दीवर हात..."

"फाशी! फाशी!"

बाया पुढं होऊन शर्टाच्या बाहीला हात लावत होत्या आणि तो हात कपाळाला नेत होत्या. बोटांना लागलेलं ओलं कुणी पदराला पुसत नव्हतं.